आवाज मोजायला किती खर्च येतो? सातारा-सांगलीतून स्वनविज्ञान शिकणाऱ्यांसाठी

स्वनविज्ञान शिकायचं मनात आलं की पहिली चौकशी बहुतेक जण चुकीच्या दारात करतात. साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला फिरा नाहीतर सांगलीत विश्रामबागला, 'फोनिक्स'चे फलक दिसतातच. आत गेलं की काही हजारांचा आकडा कानावर पडतो आणि माणूस तिथंच थंड होतो. ते वर्ग लहान मुलांना इंग्रजी अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवतात. ते काम आपल्या जागी ठीक आहे, पण आपला विषय तो नव्हे. आपल्याला तोंडातून निघालेला आवाज रेकॉर्ड करायचाय, संगणकावर त्याचं चित्र काढायचंय आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे, तो किती मिलिसेकंद टिकला, हे मोजायचंय. इंग्रजीत याला अकूस्टिक फोनेटिक्स म्हणतात. एम.ए.ला भाषाविज्ञान घेतलेले, बोलीवर प्रबंध लिहिणारे, गाणं शिकणारे, वाचा-उपचाराकडे वळू पाहणारे आणि संगणकाला मराठी ऐकायला शिकवणारे, अशा सगळ्यांना ते लागतं.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं साधन फुकट आहे. त्यामुळे दुकानदार काहीही सांगो, पहिले सहा महिने यंत्रावर पैसा ओतू नका. खर्च होतो तो वेळेवर, शांततेवर आणि विचारायला मिळणाऱ्या माणसावर.

प्रात नावाचं सॉफ्टवेअर

ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी 'प्रात' तयार केलं. जगभरचे स्वनविज्ञानाचे विद्यार्थी तेच वापरतात. ते मोफत आहे, मुक्त परवान्याखाली आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्याची 'फुल व्हर्जन' नावाची वेगळी वस्तू नसते, म्हणून कुणी पेन ड्राइव्हमध्ये घालून पाचशे रुपयांना देऊ लागला तर हात जोडून बाहेर पडा. त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. आवाज कापणं-जोडणं सोपं जावं म्हणून सोबत 'ऑडॅसिटी' घ्या, तेही फुकटच आहे.

संगणक जुना असला तरी चालतो. घरात लॅपटॉप नसेल तर बारा ते अठरा हजारांत मिळणारा वापरलेला लॅपटॉप या कामाला पुरेसा आहे. प्रात व्हिडिओ गेमसारखं मशीन मागत नाही. बॅटरी मात्र तासभर तरी टिकायला हवी, त्याचं कारण पुढे येईल.

सुरुवातीला एकच सेटिंग लक्षात ठेवा. स्वरांचे फॉर्मंट, म्हणजे मुखपोकळीत आवाज जिथे घुमतो त्या फ्रिक्वेन्सी, काढताना पुरुषाच्या आवाजाला वरची मर्यादा ५००० हर्ट्झ आणि स्त्रीच्या आवाजाला ५५०० हर्ट्झ ठेवायची. ती न बदलता दोघांचे आकडे एकाच तक्त्यात टाकलेले प्रबंध हयात आहेत. ते तपासणाऱ्याला फसवत नाहीत, लिहिणाऱ्यालाच फसवतात.

या आकड्यांमागचं गणित अवघड नाही. पुरुषाच्या गळ्यातल्या स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची नळी साधारण साडेसतरा सेंटिमीटर लांब धरतात. एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी अशी ही नळी ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झच्या आसपास घुमते. जीभ पुढे सरकली, वर गेली किंवा ओठ गोल झाले की हे आकडे हलतात. 'ई'ला पहिला फॉर्मंट तीनशेच्या आसपास खाली जातो आणि दुसरा दोन हजारांच्या वर चढतो. 'आ'ला पहिला सातशेकडे येतो. अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र आठवत असेल तर इथपर्यंत क्लास लावायची गरज नाही.

मोबाइल पुरतो का?

पुरतो, पण व्हॉट्सॲप पुरत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला व्हॉइस मेसेज जागा वाचवण्यासाठी दाबलेला असतो आणि त्यात वरच्या फ्रिक्वेन्सी छाटल्या जातात. साध्या फोन कॉलमध्ये तर चार हजार हर्ट्झच्या वरचं जवळपास काहीच पोचत नाही. मराठीला हे महागात पडतं. 'सारं जग'मधला ज आणि 'शंभर वर्षं जग'मधला ज लिहायला एकच आहेत, पण तोंडात वेगळे आहेत. दुसऱ्याचा घर्षणाचा आवाज बराच वर, 'स'च्या वाटेवर असतो, तर पहिल्याचा त्याच्या खालून, 'श'च्या भागातून सुरू होतो. 'चार' आणि 'चाक' यांचंही तसंच. छाटलेल्या फाइलमध्ये हा फरक मोजायला गेलात तर मोजमाप तुमच्या बोलीचं न होता फोन कंपनीचं होईल.

म्हणून फोनमध्ये डब्ल्यूएव्ही प्रकारात रेकॉर्ड करणारं ॲप घ्या. अँड्रॉइडवर 'ईझी व्हॉइस रेकॉर्डर'मध्ये ती सोय आहे. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो असं ठेवलं की मिनिटाला सुमारे ५.३ एमबी आणि तासाला ३१८ एमबी जागा लागते. दहा माणसांचं अर्धा-अर्धा तास बोलणं दीड जीबीच्या आसपास जातं. चार-पाचशे रुपयांचा पेन ड्राइव्ह त्याला पुरून उरतो. दोन घ्या आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. सांगलीकरांना २०१९च्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको.

माइकवर पहिल्यांदा खर्च करायचा तर कॉलरला लावायचा वायरचा माइक घ्या. बोया कंपनीचा साधा माइक सातशे ते हजारात मिळतो. ब्लूटूथचा नको, तो आवाज पुन्हा दाबतो. प्रबंधाचं काम खरंच सुरू झालं की झूम कंपनीच्या छोट्या एच-१ मालिकेतला हातातला रेकॉर्डर बघा, तो साधारण नऊ ते बारा हजारांना पडतो. त्याच्या वरचा स्टुडिओ माइक, ऑडिओ इंटरफेस, स्टँड असा संसार वीस-पंचवीस हजारांवर जातो. तो पॉडकास्ट करणाऱ्याला शोभतो, बोलीच्या अभ्यासाला त्याची गरज नसते. हेडफोन वायरचा आणि कान पूर्ण झाकणारा घ्या. हजार-दीड हजारात बरा मिळतो आणि तो लागतोच, कारण लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून ख आणि क यांच्या सीमा लावता येत नाहीत.

शांतता विकत मिळत नाही, पण जमवता येते

स्टुडिओचं भाडं तासाला पाचशेपासून हजारापर्यंत सांगतात. एका-दोघांचा आवाज घ्यायचा असेल तर परवडेल. पण आटपाडीच्या आजीला सांगलीच्या स्टुडिओत आणून बसवलं की ती आटपाडीचं बोलत नाही, पाहुण्यांशी बोलावं तसं बोलते. त्यामुळे खोली तिच्याच घरची बरी. ज्या खोलीत गाद्या, गोधड्या आणि कपड्यांचं कपाट आहे ती निवडा. पत्र्याखालची नको. पंखा, फ्रिज, टीव्ही बंद करा. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, नाहीतर विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण रेकॉर्डमध्ये शिरते. बॅटरी टिकायला हवी म्हटलं ते यासाठी. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला ठेवा, म्हणजे ख, फ, भ म्हणताना येणारा श्वासाचा झोत थेट त्यावर आदळणार नाही.

वेळही बघून निवडा. गळीत हंगामात कराड, इस्लामपूर, पलूसच्या रस्त्याकडेच्या घरांत गाणी लावलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर जातात. पावसाळ्यात पत्रे वाजतात आणि कृष्णाकाठच्या लोकांची मनं नदीच्या पातळीकडे असतात. उन्हाळ्याची दुपार सगळ्यात चांगली, पण मग पंखा बंद ठेवायला सांगायची हिंमत लागते.

बोलणाऱ्यांना काय द्यायचं, यावर कुणी फारसं बोलत नाही. निदान त्यांचा बुडालेला रोज द्या. अर्ध्या दिवसासाठी दोन-तीनशे रुपये आणि चहा-नाष्टा हे आपल्याकडे रास्त धरलं जाईल. घरी मायेनं बोलावलं असेल तर पैसे पुढे करणं अपमान वाटू शकतो. अशा वेळी नातवंडांसाठी खाऊ किंवा वह्या न्या. कागदावर संमती मात्र घ्याच, मराठीत आणि सोप्या शब्दांत: आवाज कशासाठी, कुठे ठेवणार, नाव येणार की नाही. मूल असेल तर पालकांची सही घ्या.

मिरजेत मिळणारा पहिला धडा

हार्मोनिक्स म्हणजे काय, हे पुस्तकातून डोक्यात शिरत नसेल तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गर्दी नसताना कारागिराला विचारून जवारी लावलेल्या तंबोऱ्याची एक तार मिनिटभर रेकॉर्ड करा आणि घरी प्रातमध्ये उघडा. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे प्रातनं काढलेल्या आवाजाच्या चित्रावर, शिडीच्या पायऱ्यांसारख्या समान अंतरावरच्या रेघा दिसतील, त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. जवारीच्या वक्र घोडीमुळे त्या इतक्या भरगच्च का येतात, यावर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये लिहिलं आहे. नंतर स्वतःच 'आ' लांबवून म्हणा आणि तेही उघडा. रेघा तिथेही आहेत, फक्त काही ठिकाणी जाड, काही ठिकाणी पुसट. ती जाडी म्हणजे फॉर्मंट. तार आणि घोडी ठरवतात ते एक, भोपळा आणि मुखपोकळी ठरवतात ते दुसरं. हा धडा कुठल्याही वर्गात इतक्या लवकर पोचत नाही आणि त्याची फी म्हणजे मिरजेपर्यंतचं तिकीट.

या भागात आवाज मोजायची हौस जुनी आहे. देवलांनी, म्हणजे कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी, १९१० मध्ये सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरांवर, इंग्रजीत पुस्तक छापलं. गाण्याचे स्वर मिरजेत नांदलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे आणि मोजणं तारेच्या लांबीवर. त्यांच्याबरोबर या कामात पडलेले आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी १९१३ मध्ये स्वतःचं पुस्तक काढलं. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंड्यांना ही श्रुतींची मांडणी पटली नाही आणि वाद बरीच वर्षं चालला. देवलांकडे तार होती, तुमच्याकडे प्रात आहे. वाद घालायची सोय तेव्हापेक्षा पुष्कळ स्वस्त झाली आहे.

शिक्षक कुठे भेटेल?

इथे खरा खर्च सुरू होतो. सातारा आणि सांगलीतली बरीच महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे आहेत. मराठी आणि इंग्रजीच्या एम.ए.ला भाषाविज्ञानाचा पेपर असतो, त्यात ध्वनींची ओळख होते, पण मोजणं फारसं होत नाही. तुमचा मार्गदर्शक मराठीचा असेल तर एखादा इलेक्ट्रॉनिक्सचा प्राध्यापक गाठा. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासूनचं आहे, आणि सिग्नल प्रोसेसिंग शिकणारे विद्यार्थी अशा महाविद्यालयांतच भेटतात. त्यांना प्रकल्पासाठी विषय हवा असतो आणि तुम्हाला गणित, त्यामुळे पैशाशिवाय जमणारा सौदा होतो. मॅटलॅबचा परवाना महाग वाटला तर पायथन आणि त्यातलं 'पार्सलमाउथ' हे प्रातशी जोडणारं साधन दोन्ही फुकट आहेत.

भाषाविज्ञानाची पूर्ण पदवी घ्यायची तर सगळ्यात जवळचा पर्याय पुण्यात येरवड्याचं डेक्कन कॉलेज. स्थापना १८२१ची, आज अभिमत विद्यापीठ, आणि भाषाविज्ञानाचं एम.ए. तिथं होतं. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर ज्यांचं काम आजही आधाराला घ्यावं लागतं ते अशोक केळकर तिथेच शिकवत होते. प्रवेशाची माहिती त्यांच्या संकेतस्थळावरून त्या-त्या वर्षाची घ्या, मध्यस्थाकडून नको. खर्चात फीपेक्षा राहणं मोठं. पुण्यात वाटून घेतलेली खोली आणि मेस मिळून महिन्याला नऊ ते तेरा हजार धरा. वर्षाचे दहा महिने धरले तर दोन वर्षांत दोन-अडीच लाख त्यातच जातात. सवलतीच्या गटात असाल तर महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या आधी बघा, प्रवेशानंतर नव्हे.

साताऱ्याहून अधूनमधून जाऊन-येऊन काम भागत असेल तर एसटीच्या साध्या गाडीनं स्वारगेटपर्यंत दोनशेच्या आसपास तिकीट, महिलांना निम्मं. सांगलीहून कोल्हापूर विद्यापीठापर्यंत शंभराच्या आत भागतं. तिथल्या बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात पाहुणा वाचक म्हणून एखादा दिवस बसायला मिळालं तर पुस्तकांचे हजारो रुपये वाचतात. तुमच्या प्राचार्यांचं पत्र सोबत न्या.

पुस्तकांत पहिलं पीटर लॅडफोगेड यांचं 'अ कोर्स इन फोनेटिक्स', १९७५ पासून त्याच्या आवृत्त्या निघताहेत आणि पुढच्या कीथ जॉन्सन यांच्यासह आहेत. भारतीय आवृत्ती सहसा हजाराच्या आत मिळते. जुनी आवृत्ती निम्म्यात घेतली तरी बिघडत नाही. मराठीतून सुरुवात करायची तर ना. गो. कालेलकरांचं 'ध्वनिविचार' शोधा, नगर वाचनालयांच्या कपाटात सापडतं. यंत्रानं मोजायचा भाग त्यात कमी आहे, पण मराठीचे ध्वनी तोंडात कुठे होतात ते इतक्या सरळ मराठीत दुसरीकडे वाचायला मिळणं कठीण.

आयते आवाज

स्वतः रेकॉर्ड करण्याआधी दुसऱ्यांनी केलेलं ऐका. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मराठी बोलींचं सर्वेक्षण करून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लोकांची बोलणी संकेतस्थळावर खुली केली आहेत. आपल्या भागाचं बोलणं आधी तिथं ऐकावं, मग गावात जावं. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५चा, तोही स्कॅन स्वरूपात फुकट वाचता येतो. संगणकाच्या कामासाठी ओपनएसएलआर या संकेतस्थळावर मराठी वाचिक आवाजांचा संच आहे, पण त्यातले आवाज फक्त स्त्रियांचे आहेत हे लक्षात घेऊन वापरा. शोधगंगेवर आपल्याच विद्यापीठांचे प्रबंध आहेत. तुमचा विषय कुणी करून ठेवलाय का, ते कळायला पैसे लागत नाहीत.

मग पहिला छोटा प्रयोग म्हणून 'दिन' आणि 'दीन' घ्या. शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आहे. बोलताना तो किती मिलिसेकंदांचा उरतो? वीस शब्द, प्रत्येक पाच वेळा, दहा माणसं, म्हणजे हजार नमुने. एकेकाच्या सीमा हातानं लावायला दीड मिनिट धरलं तरी पंचवीस तास होतात. हे पंचवीस तास कुणालाही पैसे देऊन उरकता येत नाहीत, कारण चूक कुठे होते ते तिथेच शिकायला मिळतं. जत तालुक्यातला कन्नड बोलणारा एखादा मित्र मिळाला तर त्याच्याकडूनही मराठीची तीच यादी म्हणवून घ्या. कन्नडमध्ये स्वराच्या लांबीवर अर्थ ठरतो, त्यामुळे त्याच्या मराठीतली लांबी तुमच्यापेक्षा निराळी निघते का, हे बघण्यासारखं आहे. पाणी-पानीचाही असाच छान प्रयोग होतो: मूर्धन्य ण आला की आधीच्या स्वराचा तिसरा फॉर्मंट खाली झुकायला हवा. झुकला नाही तर कानानं ठरवलेलं पुन्हा तपासा.

पैसे परत मिळतात का?

वाचा-उपचार हा सगळ्यात पक्का मार्ग. बीएएसएलपी हा त्याचा इंटर्नशिप धरून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्था या केंद्र सरकारच्या. खासगी संस्थेत पैसे भरण्यापूर्वी भारतीय पुनर्वास परिषदेच्या यादीत तिचं नाव आणि त्या वर्षाची मान्यता स्वतः बघा. तिथं नोंदणी झाल्याशिवाय उपचार करता येत नाहीत. 'आवाजाच्या ठशावरून गुन्हेगार ओळखा' असं म्हणत ऑनलाइन प्रमाणपत्र विकणाऱ्यांपासून लांब राहा. न्यायसहायक प्रयोगशाळांतल्या नोकऱ्या विज्ञानाच्या पदवीवर आणि सरकारी जाहिरातीतून मिळतात, आठवड्याच्या प्रमाणपत्रावर नाही. कंपन्यांसाठी मराठी आवाजाचं लेबलिंग करून थोडे पैसे मिळतात, पण कामासाठी आधी अनामत मागणारा दलाल तुमचेच पैसे तुम्हाला परत करत बसेल.

यातला कुठलाही मार्ग ठरवण्याआधी कमी खर्चात सुरुवात करायची असेल तर एनपीटीईएल हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं संकेतस्थळ बघा. आयआयटी खरगपूरचा डिजिटल स्पीच प्रोसेसिंग हा अभ्यासक्रम तिथं आहे. व्हिडिओ फुकट, परीक्षा हवी असेल तरच हजार रुपये. सत्रं जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात. गणित कच्चं असेल तर परीक्षेशिवाय पहिले काही तास बघा आणि मग ठरवा. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि शहर नोंदणीच्या वेळीच निवडायचं असतं, तेव्हा हजार भरण्याआधी जवळचं केंद्र कुठलं आहे ते यादीत पाहून घ्या.